बिनडाळीचा ढेकर

माझे वडील तुरीच्या डाळीवर जगले आणि तुरीच्याच पोत्यांखाली मरता मरता वाचले. मन्नाएखेळ्ळीत कुणाचा तरी माल बघून ते स्कूटरवरून हुमनाबादकडं निघाले होते. हायवेवर एक टेम्पो वळताना कलंडला आणि त्यातली पोती अप्पांच्या अंगावर आली. लोकांनी बाहेर ओढलं तेव्हा जबडा मोडला होता, बरगड्या मोडल्या होत्या आणि डाव्या पायाची गुडघ्याखालची कातडी डांबरावर राहिली होती. नंतर कुणीतरी सांगितलं की शुद्ध जाण्याआधी अप्पांनी फुटलेल्या पोत्यातले चार दाणे उचलून तळहातावर घेतले होते. खरं-खोटं देव जाणे, पण दुबलगुंडीत यावर कुणीही शंका घेतली नाही.

दुबलगुंडी आमचं गाव. हुमनाबादेत आमचं दुकान आणि छोटी डाळीची गिरणी आहे, ती आता माझा धाकटा भाऊ बघतो. म्हणजे बघायला भाऊ आणि बोलायला अप्पा. माल पारखायची अप्पांची एक रीत होती. डाळ तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं घासायची, हलकी फुंकर मारायची आणि दोन दाणे दाताखाली फोडायचे. माल चोख असला तर मान हलवायची. खोटा असला तर तोंडातून शब्द न काढता हात पोत्यावर झटकायचा. तो झटकलेला हात बघून भली भली माणसं पोती उचलून परत गेली आहेत. उन्हात वाळत घातलेली तूर ते अनवाणी पायांनी उलथायचे. अंगणभर पायांनी ओढलेल्या सरळ रेघा दिसायच्या. लहानपणी मी त्या रेघा मोडायची आणि मार खायची.

घरात अप्पांच्या वर एकच माणूस होतं, त्यांची थोरली बहीण. अप्पा तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती माहेरी आली आणि आमची आई गेल्यावर सगळं घर तिच्याच हातात आलं. पंगतीला वाढणारी ती, शेवटी जेवणारीही तीच. अपघाताची बातमी कळली तसं तिनं स्वयंपाकघरातला विळा, पोळपाट, खलबत्ता आणि एक मोठं पातेलं पिशवीत भरलं आणि आमच्या आधी गाडीत जाऊन बसली. कलबुर्गीच्या एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूच्या दाराशी पोचल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मी आधीपासून सांगायले, ही तूर चांगली न्हाई."

मी बसवकल्याणला मराठी शाळेत शिकवते. पोरांना गप्प बसवायची सवय असल्यामुळं दवाखान्यात सगळ्यांनी मलाच पुढं केलं. डॉक्टरांशी बोलायचं मी, सह्या करायच्या मी, आणि अक्काला आवरायचंही मीच. पहिली दोन कामं सोपी होती.

अप्पांना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली. वर टांगलेल्या पिशवीतून दुधासारखं काहीतरी थेंब थेंब खाली जायला लागलं. काचेतून ते बघून अक्का माझ्याकडं वळली.

"ते काय घालायलेत त्याला?"

"जेवण आहे ते अक्का."

"माणूस बेशुद्ध हाय आन ह्यांनी जेवायला वाढलं? अंघोळ न्हाई, लिंगपूजा न्हाई. शुद्धीवर आल्यावर त्याला काय तोंड दाखवू मी?"

अप्पा रोज लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाहीत हे खरं होतं. मी आतल्या सिस्टरला गाठलं. ती बिचारी चांगली होती. तिनं अक्काला हात धुवायला लावले, अंगावर तो हिरवा डगला चढवला आणि आत नेऊन अप्पांच्या कपाळाला चिमूटभर विभूती लावू दिली. हिरव्या डगल्यात अक्का ऑपरेशन करायला निघाल्यासारखी दिसत होती. बाहेर आली ती समाधानानं. नळीशी तिचं आता काही भांडण उरलं नाही असं मला वाटलं. मला बरंच काही वाटत असतं.

तिसऱ्या दिवशी डाएट मॅडम भेटल्या. विजापूरकडच्या, माझ्यापेक्षा वयानं लहान, आणि कन्नड इतक्या वेगानं बोलायच्या की आम्हा सरहद्दीवरच्या लोकांनाही धाप लागायची. त्यांनी आम्हाला बाकावर बसवून समजावलं. एवढी मोठी जखम झाली की माणूस नुसता पडलेला दिसतो, पण आतून शरीराची भट्टी पेटलेली असते. त्याला धडधाकट माणसापेक्षा जास्त लागतं, आणि सगळ्यात जास्त प्रोटीन. बाहेरून मिळालं नाही तर शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं.

"आमच्या घराण्यात कुणी मांस खात न्हाई," अक्का म्हणाली.

 मॅडमनी विचारलं की अंड्याचा पांढरा भाग तरी चालेल का. अक्कानं पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. बसवण्णांना मानणाऱ्या घरात हे विचारणं म्हणजे काय, हे विजापूरच्या बाईला कळायला हवं होतं, पण कामापुढं त्या कुणाची भीड ठेवत नसत. "बरं," त्या म्हणाल्या, "मग डाळ. तुमच्याकडं तर डाळीला तोटा नाही." मी हसले. अक्का हसली नाही. मी तिकडं लक्षच दिलं नाही.

अप्पांचं यंत्र निघालं, ते आयसीयूतून बाहेरच्या खोलीत आले, तशी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत. हुमनाबादच्या बसमधून डबेच डबे उतरायचे. शेंगापोळ्या, ज्वारीच्या कडक भाकरी, अंबाडीची भाजी, झुणका. वाटेत कमलापूर लागतं, तिथली तांबडी केळी न घेता येणाऱ्याला आमच्यात माणूस म्हणत नाहीत. खोलीबाहेरच्या व्हरांड्यात केळ्यांचा असा ढीग साठला की एका अनोळखी गृहस्थानं मला भाव विचारला. आणि अप्पांचे दात तारेनं बांधलेले, घशाला गिळायचं बळ नाही, नाकात नळी. त्यांना यातलं बोटभरही चालत नव्हतं. मग एवढं आणलेलं वाया कसं घालवायचं, म्हणून पाहुणे व्हरांड्यात चादर पसरून जेवायचे. जेवताना आळीपाळीनं आत डोकावून म्हणायचे, "लई वाळलाय हो."

डाएट मॅडमनी आता घरचा आहार सुरू करायला सांगितला. दिवसातून काही वेळा दवाखान्याची पावडर, बाकीच्या वेळी आम्ही करून द्यायचं. तूरडाळ, तांदूळ आणि गाजर अगदी गाळ शिजवायचं, तूप घालायचं, मिक्सरला फिरवायचं, फडक्यातून दाबून गाळायचं आणि नळीतून सोडायचं. दवाखान्यामागं आम्ही एक खोली घेतली होती. अक्कानं तिथं चूल मांडावी तसा गॅस मांडला आणि मला दारातूनच सांगितलं, "रांधायचं मी बघते. तू तिकडं तुझी पिचकारी बघ."

पिचकारी म्हणजे नळीला लावायची मोठी सिरिंज. ती मात्र मी मन लावून शिकले. अप्पांची पाठ उशांनी वर करायची, नळी जागेवर आहे का हे सिस्टरकडून बघून घ्यायचं, सिरिंज उंच धरून सावकाश ओतायचं, शेवटी स्वच्छ पाणी सोडायचं आणि नंतर बराच वेळ त्यांना आडवं होऊ द्यायचं नाही. घाई केली की ठसका. मी ती सिरिंज अशा तोऱ्यात धरायची की बाजूच्या खोलीतल्या बायका शिकायला यायला लागल्या. हातातून जे खाली चाललंय ते नेमकं काय आहे, हे बघायचं मात्र मला सुचलं नाही. पिवळं होतं, गरम होतं, घरचं होतं. आणखी काय बघायचं?

अप्पा वाळत चालले. मॅडम यायच्या, दंडाला टेप लावायच्या, रक्ताचे रिपोर्ट बघायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. त्यांनी आहार वाढवला. अक्का म्हणाली, "व्हय, वाढवते की." आणि पातेलं भरून पाठवलं. अप्पांचा दंड आणखी बारीक झाला. इकडं व्हरांड्यात माझ्या ब्लाउजच्या शिवणी ताणायला लागल्या होत्या. भावाचं पोट पुढं आलं. भेटायला येणारे तर आता जेवणाची वेळ साधून यायचे, कारण अक्का रोज आमच्यासाठी दाटसर डाळ करून पाठवायची. इतकी घट्ट, गाजर घातलेली, तुपाची डाळ आम्ही घरीही कधी खाल्ली नव्हती. मिटक्या मारत एक काका म्हणाले, "पेशंटचं काय ते देवाला ठावं, पण डाळ एक नंबर हाय." अक्का स्वतः मात्र एका कडेला बसून भाकरीवर ठेचा घेऊन खायची. तिच्या पानात काय आहे हे त्या गर्दीत कोण बघतो.

आणि एके दिवशी सकाळी सर्जननी मला खोलीबाहेर घेतलं. ते एरवी कमी बोलायचे. ते म्हणाले, पायावरची जखम भरायलाच तयार नाही. मांडीची कातडी काढून तिथं लावायची आहे, पण अंगात जोर नसेल तर ती कातडी धरणार नाही, सुटून येईल. अजून थोडी वाट बघू. नाहीतर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.

मी आत गेले. अप्पा जागे होते. चादरीबाहेर त्यांचा उजवा पाय होता, टाचेला आयुष्यभराच्या तुरीनं पडलेल्या भेगा होत्या. मी त्या पायाकडं बघत उभी राहिले आणि मला रडू आलं. शिक्षिका असून मला रडण्याआधी खोलीबाहेर जायचंही भान राहिलं नाही. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या सिरिंजकडं बघितलं आणि डोळे मिटले.

मी आहार दिला. थोड्या वेळानं त्यांना ढेकर आला. चांगला लांबलचक. नळीनं जेवणाऱ्याला चव कळत नाही, पण ढेकर आला की खालचा सगळा समाचार वर येतो, हे मला त्या दिवशी कळलं. अप्पांचा चेहरा बदलला. त्यांनी उजवा हात वर केला, तळहात पसरला आणि त्यावर अंगठा घासायला लागले. मग बांधलेल्या दातांमधून फूं करून वारा सोडला आणि हात जोरात पलंगाच्या कडेवर झटकला.

सिस्टर धावत आली. "भ्रमात आहेत, नळी ओढतील, हात बांधायला पाहिजेत," म्हणाली. अप्पांनी तिच्याकडं कुत्सितपणे बघितलं आणि परत तेच केलं. तळहात, अंगठा, फुंकर, झटका. या वेळी माझ्याकडं रोखून बघत. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हा भ्रम नव्हता. माल खोटा आहे, असं ते म्हणत होते. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या पोत्यांवर झटकलेला हात आज त्यांनी स्वतःच्या पोटातल्या मालावर झटकला होता.

मी भांड्याच्या तळाशी उरलेल्या आहारात बोट बुडवून चाटलं. हळदीचं पाणी. थोडं मीठ, तांदळाची पेज आणि पिवळीधमक हळद. डाळ औषधालाही नव्हती.

खोलीवर मी चालत गेले की पळत, आठवत नाही. दार उघडं होतं. अक्का गॅससमोर पाटावर बसली होती. पुढ्यात दोन पातेली. एकात शिजलेली डाळ निवत ठेवली होती, गाळ खाली बसलेला. त्याच्यावरचं निवळ पाणी ती पळीनं हलक्या हातानं काढून दुसऱ्या पातेल्यात घालत होती. गाळ हलू नये म्हणून श्वाससुद्धा धरला होता. शेजारी हळदीचा डबा.

"काय करायलीस अक्का?"

ती दचकली नाही. "वरचं घ्यायले."

"आणि खालचं?"

"खालचं तुमाला. तुमाला काय जखम हाय?"

मी ओरडले. आजवर तिच्यावर कधी ओरडले नव्हते, पण त्या दिवशी ओरडले. तिथं अप्पांचा पाय कापायची बोलणी चाललीत आणि तू इथं हळदीचं पाणी पाजायलीस, कामून, असं म्हणत मी ते पातेलं उचललं. तिनं पळी सोडली नाही.

"डाळीनं जखम पिकती," ती म्हणाली. "पू होतो. सगळ्या जगाला ठाऊक हाय. त्या पोरीनं बुकात वाचलं असंल दुसरं काय. मी डोळ्यानं बघितलंय."

हे तसं मलाही ठाऊक होतं. आमच्याकडं कुणाला काही लागलं, कापलं, तर बायका ताटातली डाळ आधी उचलतात. वांगं आणि तूर वातूळ. अख्ख्या देशाला तूर पुरवणाऱ्या या मुलखात जखमी माणसालाच तेवढी ती मिळत नाही. आणि आम्ही तर डाळवाले. लोकांना पोती विकणारे आम्ही घरात जखम झाली की डाळीला परक्यासारखं दाराबाहेर उभं करणारे.

मी डाएट मॅडमना बोलावून आणलं. अक्काचा हा प्रकार ऐकून त्या चिडतील असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी चिडावं अशी माझी इच्छा होती. पण त्या खाली जमिनीवर बसल्या, अक्काच्या समोर, आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"अक्का, तुमच्या घराण्यात मांस खात नाहीत ना?"

"न्हाई."

"तुमचा भाऊ रोज खातोय. सकाळ-संध्याकाळ. स्वतःच्या दंडाचं, स्वतःच्या मांडीचं. तुम्ही डाळ दिली असती तर ही वेळ त्याच्यावर आली नसती."

अक्काच्या हातातली पळी खाली आली. मला वाटतं तिनं दंडाचा तो रोज कमी होणारा घेर त्या क्षणी खऱ्या अर्थानं बघितला.  मग तिनं आमच्यापैकी कुणाकडंच न बघता सांगायला सुरुवात केली.

तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, मांडीला बैलानं शिंग मारलं होतं. अप्पा तेव्हा रांगत होते. ती परकरात होती, पण आई आजारी म्हणून चूल तिच्याकडंच. आजोबांनी पडल्या पडल्या वरण मागितलं. शेजारच्या म्हातारीनं देऊ नको म्हणून बजावलं होतं. पण बाप मागतोय म्हटल्यावर तिनं वाटीभर दिलं. त्यांना आवडलं म्हणून आणखी दिलं. मग जखम पिकली, अंग तापलं आणि ते गेले. "मीच वाढलं होतं," अक्का म्हणाली. "म्हातारी सगळ्या गावात सांगत होती, पोरीनं डाळ खाऊ घातली म्हणून."

मॅडमनी विचारलं, "जखमेला काय लावलं होतं?"

"शेण. ताजं. रोज बदलायचे."

"सुई टोचली होती?"

"कुठली सुई, माय. तवा दवाखाना होता का."

"मग ते शेणानं झालं अक्का," मॅडम म्हणाल्या. "उघड्या जखमेत शेण गेलं. वरण नसतं दिलं तरी झालं असतं. तुम्ही दिलेलं वरण तेवढं त्यांच्या पोटात चांगलं गेलं."

अक्का एवढ्यावर ऐकेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमची अक्का बघितलेली नाही. "शेण पवित्र असतं," ती म्हणाली. "शेणानं घर सारवतो आम्ही." मॅडम म्हणाल्या, घर सारवा, माणूस सारवू नका. दोघींची बराच वेळ जुंपली. मी मध्ये पडले नाही. मला एकदम तिची ती परकरातली मूर्ती दिसायला लागली होती आणि माझ्या ओरडण्याची लाज वाटत होती. एवढी वर्षं ही बाई डाळवाल्यांच्या घरात रोज पातेलंभर डाळ शिजवत होती, सगळ्यांना वाढत होती, आणि प्रत्येक वाटी भरताना तिला काय आठवत असेल हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तिची फार दया आली. रागही गेला नव्हता, दोन्ही एकाच वेळी होतं.

शेवटी तिनं गाळासकट डाळ मिक्सरला फिरवू दिली. पण द्यायला तयार होईना. "मी न्हाई घालणार. माझ्या हातानं न्हाई. तू घाल."

आम्ही भांडं घेऊन अप्पांकडं गेलो. मी सिरिंज लावायला पुढं झाले तसं अप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांना कितपत कळलं होतं कोण जाणे; मी दारातच भावाला फोनवर सगळं सांगत होते, आणि माझा आवाज शाळेचा आहे. त्यांनी माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली, अक्काकडं धरली आणि तारेनं बांधलेल्या दातांमधून म्हणाले, "घाल, अक्का."

अपघातानंतरचे ते त्यांचे पहिले शब्द. अक्कानं सिरिंज दोन्ही हातांनी धरली, मी खालून आधार दिला. तिनं डोळे मिटून ओतलं. तोंडानं सारखं बसवण्णांचं नाव चालू होतं. दाट डाळ सावकाश खाली गेली. थोड्या वेळानं अप्पांना ढेकर आला. आम्ही तिघी, मी, अक्का आणि मॅडम, त्यांच्या तोंडाकडं बघत उभ्या. अप्पांनी जरा विचार केला आणि मान हलवली. माल चोख होता.

त्यानंतर अक्कानं वेगळाच छळ मांडला. रोज सकाळी ड्रेसिंगच्या वेळी ती आत जाऊन उभी राहायची आणि पट्टी सुटली की वाकून वास घ्यायची. ड्रेसिंग करणारा दादा वैतागला. "अज्जी, नाक लांब धरा," म्हणायचा. तो पू नाही म्हणून दाखवायचा, तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. हळूहळू जखम लालसर झाली. दंडाचा टेप एक दिवस होता तिथंच थांबला, मग उलट्या बाजूला सरकला. व्हरांड्यातल्या पाहुण्यांचे मात्र हाल झाले. सगळी डाळ आत जायला लागल्यावर बाहेर नुसती भाकरी-चटणी उरली आणि आश्चर्य म्हणजे भेटायला येणाऱ्यांची माया बरीच आटली.

सर्जननी मांडीची कातडी काढून पायावर लावली. पहिली पट्टी सुटली तेव्हा अक्कानं वास घेतला नाही, ती बाहेरच बसली. मी आत बघितलं आणि बाहेर येऊन तिला सांगितलं, धरली. ती म्हणाली, "धरंल की. डाळ आपल्या गिरणीची होती."

घरी आल्यावर तुरीचे दिवस होते. अंगणात तूर वाळत घातली होती. दातांची तार निघाली होती आणि अप्पांना मऊ जेवण चालत होतं. काठी टेकत, माझा खांदा धरत ते अनवाणी अंगणात उतरले आणि पाय ओढत एक रेघ काढली. फार वाकडी होती. नव्या कातडीच्या पायाला दाणे टोचत असतील म्हणून मी ती रेघ तुडवत चप्पल आणायला निघाले, तर माझ्या पाठीवर धपाटा बसला. अप्पा बरे झाले हे मला तेव्हा कळलं.

दुपारी जेवायला बसलो. अक्का नेहमीसारखी वाढत होती. तिनं अप्पांच्या ताटात मऊ भात घातला, त्यावर वरण घातलं. अप्पांनी कालवलं, पण घास घेईनात. जबडा दुखत असेल असं मला वाटलं.

"जेव की बाबा, कामून थांबलास?" अक्का म्हणाली.

"तू बस."

"माझं मागनं. मी काय पाव्हणी हाय का?"

"बस म्हणतो न्हवं. ताट घे."

ती बसली. ताटात भाकरी आणि ठेचा घेतला. अप्पांनी हात लांब करून वरणाची पळी उचलली, तिच्या ताटातल्या रिकाम्या वाटीत ओतली आणि पळी जागेवर ठेवली. तेव्हा मला कळलं की त्यांनी ती वाटी आयुष्यभर रिकामीच बघितली होती. आम्हाला ती कधी दिसली नव्हती, त्यांना दिसली होती. आजवर ते कधी बोलले नव्हते, आणि ती का खात नाही हे तिनंही त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

अक्कानं वाटी जवळ ओढली. मग तिनं भाकरीचा तुकडा बुडवला आणि तोंडात घातला. खूप वेळ चावत होती, भाकरी कडक असावी इतका वेळ. आम्ही कुणीच जेवत नव्हतो. डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते तिनं पुसलंही नाही.

"मीठ कमी झालंय," ती म्हणाली.

"तूच घातलंस," अप्पा म्हणाले.

"मला काय ठाऊक. मी कवा खाल्लंय?" असं म्हणून तिनं वाटी संपवली, आणि ती परत पळीखाली धरली.